‘बाहुल्या रंगवून पाठ मोडत नाही’ म्हणणाऱ्या वाचकास

‘स्पष्टवक्ता’ या टोपणनावाने लिहिणाऱ्या महोदयांस,

मिनिएचर वॉरगेमिंगपायी, म्हणजे छोटे शिपाई रंगवून टेबलावर लढाया खेळण्यापायी, माझ्या मानेची, पाठीची आणि अंगठ्याची काय गत झाली, त्या लेखावरची तुमची प्रतिक्रिया वाचली. दोनदा वाचली, कारण पहिल्यांदा वाटलं तुम्ही चेष्टा करताय.

तुमचं म्हणणं असं: बाहुल्या रंगवून कुणाची पाठ मोडत नाही, पाच-पाच तास न हलता बसल्याने मोडते, शेतात राबणाऱ्याला विचारा पाठ म्हणजे काय. शिवाय मी टेबलाचं माप चुकीचं दिलं आणि रेझिनचे (कडक प्लास्टिकसारख्या पदार्थाचे) शिपाई घासताना मास्क लावावा हे लिहिलंच नाही.

मापाचं आधी संपवतो. तुमचं बरोबर आहे. 6 बाय 4 फूट हे जुनं माप. नियमांच्या 2020च्या आवृत्तीपासून वॉरहॅमर 40,000 या आमच्या खेळातल्या 2000 पॉइंटांच्या सैन्याच्या डावाला किमान 60 बाय 44 इंच सांगितलंय. लेखात दुरुस्ती केली. चूक कबूल करायला मला कधी कमीपणा वाटलेला नाही.

आता ‘बाहुल्या’. बाहुली माझ्या बहिणीकडे होती, लाकडाची ठकी. मी रंगवतो तो शिपाई तळपायापासून डोळ्यांपर्यंत साधारण 28 मिलिमीटर. त्याचा डोळा म्हणजे टाचणीचं टोक. त्यात पांढरा रंग भरायचा आणि पांढऱ्यावर काळा ठिपका. औषधाच्या रिकाम्या बाटलीच्या झाकणावर ब्लू-टॅक या चिकट लगद्याने शिपाई चिकटवायचा, बाटली डाव्या मुठीत धरायची, दोन्ही मनगटं एकमेकांना टेकवायची, कोपरं टेबलाच्या कडेवर रोवायची आणि श्वास रोखायचा. ठिपका केसभर वर सरकला की शिपाई आकाशाकडे बघून देवाचा धावा करतोय असं दिसतं. मग पुन्हा पांढरा. एकेका शिपायाला दोन डोळे, असे चाळीस शिपाई. उठल्यावर मान वळत नाही, बायकोने हाक मारली तर बैलगाडीसारखं सबंध वळावं लागतं. करून बघा आणि मग बाहुल्या म्हणा.

आणि हे नुसतं रंगवणं झालं. डाव तीन-तीन तास चालतो, बराचसा उभ्याने, टेबलावर ओणवं होऊन टेपने इंच मोजत. टूर्नामेंट असली की दोन दिवसांत पाच डाव. जुन्या धातूच्या शिपायांनी भरलेली पेटी कधी तिसऱ्या मजल्यावर नेली आहेत? नसेलच. इंग्रज लेखक एच. जी. वेल्सने 1913 साली ‘लिटल वॉर्स’मध्ये या खेळाचे नियम छापले, आणि तो तर जमिनीवर खेळायचा, चाळिशी उलटून गेल्यावर. त्यालाही तुम्ही हेच ऐकवलं असतंत का? सहज विचारतोय.

राबणाऱ्यांचं मला सांगू नका. माझे वडील तीस वर्षं भोसरीत लेथवर उभे होते. शाळेच्या सुट्टीत आजोळी मी स्वतः कांदे काढलेत, वाकून, उन्हात. ती पाठ दोन दिवसांत सुटायची. ही चार वर्षं झाली तरी सुटलेली नाही. 2004पासून इंग्लंडात नॉटिंगहॅममध्ये राहतो, वॉरहॅमर काढणाऱ्या गेम्स वर्कशॉप कंपनीचं मुख्यालय याच गावात आहे, या खेळातली माणसं रोज बघतो. मनगटाला पट्टा बांधलेले पन्नाशीचे गृहस्थ इथे नवीन नाहीत. तुम्ही कुठून लिहिता, ते तुम्ही सांगितलेलं नाही.

‘न हलता बसल्याने’ म्हणाल तर इथली फिजिओही तेच म्हणाली, दर अर्ध्या तासाने उठा. पण तिने आधी विचारलं काय रंगवता, फोनवरचे फोटो बघितले, एक मोठा करून बघितला, आणि मग हसत सांगितलं. सांगण्याची एक रीत असते, महाराज. मी अलार्मही लावलाय. रंग ओला असताना वाजला तर बंद करतो. कुणीही करेल.

मास्कचं राहिलं. मास्क आहे. गॅरेजमध्ये खिळ्याला टांगलेला आहे, अजून पिशवीतून काढलेला नाही, आणि त्यावर आत्ता मला वाद घालायचा नाही.