झाकली मूठ सात कोटी वीस लाखांची

समजा, उद्या तुम्ही एनएफएल या अमेरिकन फुटबॉलच्या लीगमधल्या एखाद्या संघाचे जनरल मॅनेजर, म्हणजे खेळाडू घेणारे-विकणारे, झालात. (माणसं काय काय होतात!) तर पहिलं पथ्य: ज्या क्वार्टरबॅकला (पास फेकणारा, संघाचा मुख्य गडी) लोकांनी वर्षानुवर्षं खेळताना पाहिलंय, त्याच्या वाटेला जाऊ नका. त्याचे दोष शेंबड्या पोरालाही पाठ असतात. माल घ्यावा तो बाकावरचा. मुख्य गडी विश्रांतीला असताना एका रविवारी अचानक पेटलेला.

१ जानेवारी २०१२ चा रविवार घ्या. ग्रीन बेची प्लेऑफमधली (बाद फेरीतली) जागा पक्की होती, म्हणून त्यांनी अ‍ॅरन रॉजर्सला बसवलं आणि मॅट फ्लिनला उतरवलं. पठ्ठ्याने डेट्रॉइटविरुद्ध ४८० यार्ड फेकले, ६ टचडाउन (आपल्या भाषेत गोलच म्हणा) दिले. ग्रीन बे ४५-४१ ने जिंकलं. आता कुणी म्हणेल, समोरच्यांनीही ४१ गुण केलेच की, म्हणजे त्या दिवशी दोन्हीकडचा बचाव झोपला होता. असले प्रश्न पडणारे मॅनेजर होत नाहीत, लेख लिहितात. सिअ‍ॅटलने फ्लिनला तीन वर्षांचा, २ कोटी ६० लाख डॉलरपर्यंत जाणारा करार दिला. मग ड्राफ्टच्या, म्हणजे नव्या खेळाडूंच्या वार्षिक वाटपाच्या, तिसऱ्या फेरीत उचललेल्या रसेल विल्सनने सरावातच त्याची जागा घेतली. सिअ‍ॅटलकडून फ्लिनने एकाही सामन्याची सुरुवात केली नाही, म्हणजे पहिल्यापासून मैदानात उतरलाच नाही.

पण भावाचं सूत्र लक्षात आलं ना? सामने जितके कमी, तितकी किंमत चढी. १९९७ मध्ये जॅक्सनव्हिलच्या रॉब जॉन्सनने एका सामन्यात सुरुवात केली, तो जिंकला आणि घोटा दुखावून बसला. तेवढ्यावर बफेलोने पुढच्या वर्षी पहिल्या फेरीतली नववी निवड (ड्राफ्टमध्ये त्या क्रमांकाने खेळाडू उचलायचा हक्क) देऊन टाकली, वर चौथ्या फेरीतलीही. जॅक्सनव्हिलने त्या नवव्या निवडीतून फ्रेड टेलर घेतला. तो त्यांच्यासाठी ११ हजारांहून जास्त यार्ड धावला.

खरी शिकवणी ब्रॉक ऑस्वायलरची. २०१५ मध्ये डेन्व्हरचा पेटन मॅनिंग दुखापतीने बाहेर गेला. ऑस्वायलरने ७ सामन्यांत सुरुवात केली, ५ जिंकले. चार वर्षं रोज सरावात त्याला पाहणाऱ्या डेन्व्हरने मात्र मोठ्या आकड्याला नकार दिला. याने बिचकायचं नाही. पिकतं तिथे विकत नाही, एवढंच. ह्यूस्टनने मार्च २०१६ मध्ये चार वर्षांचे ७ कोटी २० लाख डॉलर मोजले. करार ठरला तेव्हा प्रशिक्षक बिल ओब्रायन त्याला भेटलेही नव्हते. कांदेपोहे नाहीत, पत्रिका नाही, थेट अक्षता.

वर्षभरात काडीमोड. ह्यूस्टनने त्याला क्लीव्हलँडकडे धाडलं आणि तो नेल्याबद्दल दुसऱ्या फेरीतली निवड वर दिली. क्लीव्हलँडला हवी होती ती निवडच. १ कोटी ६० लाखांचा पगार त्यांनी त्यापायी अंगावर घेतला. सीझन सुरू व्हायच्या आधीच त्यांनी ऑस्वायलरला मोकळं केलं. आणि त्याला किमान पगारात परत घेतलं कुणी? डेन्व्हरने. मोठा खर्च क्लीव्हलँडच भरत होतं.

कुणी ब्रेट फार्वचं उदाहरण देईल. ग्रीन बेने १९९२ मध्ये त्याच्यासाठी अटलांटाला पहिल्या फेरीतली निवड दिली आणि नशीब काढलं. पण आदल्या वर्षी त्याने ४ पास फेकले होते. एकही आपल्या माणसाकडे पोचला नव्हता, दोन तर प्रतिस्पर्ध्यांनी झेलले. म्हणजे तो चमकलेला नव्हताच. कुणीतरी नुसता खेळ पारखून त्याला घेतला. आपल्या पद्धतीत हे बसत नाही, सोडून द्या.

त्यापेक्षा जॅक्सनव्हिलकडे बघा. १९९८ मध्ये इतका छान माल विकलेला संघ २०१९ मध्ये स्वतःच गिऱ्हाईक झाला. राखीव असूनही सुपर बोल, म्हणजे लीगचा अंतिम सामना, जिंकून देणारा निक फोल्स त्यांनी ८ कोटी ८० लाखांच्या करारावर आणला. पहिल्याच सामन्यात त्याचं कॉलरबोन मोडलं. मग बाकावरून सहाव्या फेरीतला नवखा गार्डनर मिन्श्यू उठला आणि त्याने २५ पैकी २२ पास अचूक फेकले.

फोन चार्ज आहे ना तुमचा?