वाळू शिंपल्यांची नव्हे
लेखात अमेरिकेतल्या डेस्टिनच्या समुद्रकिनाऱ्यावरची वाळू शिंपल्यांच्या चुऱ्याची म्हटलीय, तेवढं पटलं नाही. फ्लोरिडाच्या त्या पट्ट्यातली वाळू म्हणजे जवळजवळ शुद्ध क्वार्ट्झ (गारगोटीचं खनिज), ॲपलाचियन डोंगरांतून नद्यांनी वाहून आणलेलं. म्हणून तर जुलैच्या भर दुपारी अनवाणी चाललो तरी पाय पोळले नाहीत, आणि पावलाखाली ती चक्क करकरते. आईला आधी रांगोळीच वाटली! रिसॉर्टांची भिंत मात्र डोळ्यांत खुपते. छत्री-खुर्चीचं भाडं ऐकून आम्ही मुकाट घरची चादर अंथरली. हो, एक राहिलंच: दोन लाल झेंडे लागले असतील तर पाण्यात पाऊलही टाकू नका. किनाऱ्यावरून पाणी कितीही शांत दिसलं तरी ते आत ओढून नेतं, शिवाय दंड होतो तो वेगळाच.