खिडक्यांच्या हँडलांविषयी आपल्या तक्रारीस उत्तर

महोदया,

सप्रेम नमस्कार. आमच्या कामाविषयी आपण लिहिलेला अभिप्राय मी दोनदा वाचला, आपल्या घरी आलेल्या कारागिराला समोर बसवून तिसऱ्यांदा वाचला आणि मगच हे उत्तर लिहायला घेतले. इतर वाचकांसाठी आपली तक्रार थोडक्यात सांगतो. मे महिन्याच्या अखेरीस आम्ही आपल्या घरातील चार खिडक्यांची झिजलेली हँडले बदलून दिली आणि एकूण ३,४०० रुपये घेतले. जुलै संपण्याच्या आत बेडरूममधील दोन यूपीव्हीसी (म्हणजे कडक प्लास्टिकच्या) खिडक्यांची नवी हँडले जड झाली आणि डगमगू लागली, स्वयंपाकघरातील खिडकी लावूनही पावसाचे पाणी आत येऊ लागले, दुकानाचा फोन तीन दिवस कोणी उचलला नाही, आणि जुनी हँडले कारागीर न विचारता घेऊन गेला. ‘निकृष्ट माल चढ्या भावाने विकला’ असा आपण शेवटी निष्कर्ष काढला आहे. तो मला मान्य नाही. आपण सांगितलेल्या घटना मात्र खऱ्या आहेत, आणि आमची सर्वांत मोठी चूक आपल्या तक्रारीत आलेलीच नाही, म्हणून ती मलाच लिहावी लागणार आहे.

स्वयंपाकघरापासून सुरुवात करतो, कारण तिथे सरळसरळ आमचाच दोष आहे. ती खिडकी ॲल्युमिनियमची असून तिला आत गिअर, म्हणजे हँडल फिरवल्यावर बंद करणारी पट्टी सरकवणारी यंत्रणा, नाही. हँडलची चोच चौकटीवरील उतरत्या पट्टीवर चढते आणि त्या दाबाने झडप रबरावर घट्ट बसते. ही चोच तळपट्टीपासून किती उंचीवर आहे यावर सारे काही अवलंबून असते, आणि बाजारात ती निरनिराळ्या उंचीत मिळते. आमच्या कारागिराने आपल्या जुन्या हँडलचे माप घेतले खरे, पण ती चोच खालून झिजलेली होती आणि त्याने झिजेसकट मोजून तेवढ्याच उंचीचे नवे हँडल आणले, म्हणजे आम्ही आपल्याला जुनी झीजच नव्या वेष्टनात विकली. योग्य उंचीचे हँडल काढून ठेवले आहे. ते बसवण्याचे काहीही पैसे लागणार नाहीत.

बेडरूमच्या दोन खिडक्यांची गोष्ट निराळी आहे आणि ती जरा विस्ताराने सांगणे भाग आहे. यूपीव्हीसी खिडकीचे हँडल स्वतः काहीच बंद करत नाही. त्याच्या मागची ७ मि.मी. जाडीची चौकोनी दांडी झडपेच्या आतील गिअरमध्ये शिरते, हँडल फिरवले की गिअर एक लांब पट्टी वर-खाली सरकवतो, आणि त्या पट्टीवरचे खुंट चौकटीवरच्या खाचांत जाऊन बसतात. खुंट आणि खाच समोरासमोर असतील तर लहान मूलही दोन बोटांनी खिडकी लावू शकते. झडप दोन-तीन मिलिमीटर जरी खाली उतरली, तरी खुंट खाचेच्या कडेवर आपटतो, आणि तो आत घालण्यासाठी लावलेला सारा जोर त्या लहानशा दांडीवर आणि हँडलच्या मानेवर येतो. अशा खिडकीला कितीही चांगले हँडल लावले तरी ते फार काळ टिकत नाही.

आपल्या झडपा उतरलेल्या आहेत, हे मी तीन गोष्टींवरून म्हणतो. पहिली म्हणजे आपणच जोडलेले छायाचित्र: त्यात हँडलच्या बाजूला वरची फट रुंद दिसते आणि खालचा कोपरा चौकटीला टेकलेला आहे. दुसरी म्हणजे आपलेच वाक्य, की खिडकी उघडी असताना हँडल सहज फिरते आणि लावतानाच अडते. आमच्या धंद्यात हीच पहिली परीक्षा समजतात; उघड्या खिडकीतही हँडल जड असेल तर दोष गिअरमध्ये किंवा हँडलमध्ये, आणि फक्त लावताना जड असेल तर दोष झडपेच्या बसण्यात. तिसरी गोष्ट मला काल दुकानात सापडली. आपली जुनी हँडले आमच्या भंगाराच्या डब्यात होती, आणि बेडरूमच्या दोन्ही हँडलांच्या चौकोनी दांड्यांचे कोपरे लावण्याच्या दिशेलाच गोल झालेले होते. म्हणजे ती नुसती जुनी होऊन झिजली नव्हती, तर कित्येक महिने रोज जोर लावल्याने गेली होती.

झडप उतरण्याची कारणे सहसा दोन असतात. खिडकी ज्यावर उघडते ते स्टे, म्हणजे झडप पेलणारे धातूचे सरकते हात, ढिले पडतात, समुद्राजवळच्या घरांत तर त्यांचे रिबिट खाऱ्या हवेने लवकर खराब होतात. किंवा काचेखालची पॅकिंग मुळातच चुकीच्या जागी ठेवलेली असते. काचेचे वजन दर चौरस मीटरला, जाडीच्या प्रत्येक मिलिमीटरमागे, अडीच किलो भरते. रस्त्याच्या आवाजासाठी आपण ५ मि.मी.च्या दोन काचा बसवून घेतल्या आहेत, तेव्हा २ फूट रुंद आणि ४ फूट उंच झडपेत नुसत्या काचेचेच ओझे साडेअठरा किलोंच्या आसपास जाते. काच ज्या प्लास्टिकच्या तुकड्यांवर उभी असते ते खाली स्टेच्या बाजूला आणि वर हँडलच्या बाजूला, असे कर्णरेषेत ठेवले, तर काच स्वतःच तिरकस आधाराचे काम करते आणि झडप लोंबत नाही. ते सरसकट खाली सारखे टाकले, की बाहेरचा कोपरा हळूहळू उतरू लागतो. आपल्याकडे यांपैकी काय झाले आहे, हे काच धरून ठेवणारी पट्टी काढून पाहिल्यावरच सांगता येईल.

आता आपण न लिहिलेली चूक. आमच्या कारागिराच्या लक्षात हे सारे त्याच दिवशी आले होते. विचारल्यावर त्याने प्रामाणिकपणे सांगितले की नवे हँडल बसवून झाल्यावर दोन्ही खिडक्या लागत नव्हत्या, म्हणून त्याने झडप हाताने वर उचलून धरली, हँडल फिरवले, लागल्यावर बिल फाडले आणि त्यावर ‘तपासले, ठीक’ असे लिहिले. तो माझा जुना माणूस आहे, हात चांगला आहे, पण त्याला हँडले बदलायला पाठवले होते म्हणून त्याने हँडलेच बदलली. आपल्याला त्या वेळी एवढेच सांगायला हवे होते, की बाई, हँडलाआधी स्टे पाहावे लागतील, नाहीतर हे पैसे वाया जातील. ते आम्ही सांगितले नाही. बिलावर माझ्या दुकानाचा शिक्का आहे, त्यामुळे हा दोष कारागिराच्या माथी मारता येणार नाही.

किमतीबाबत मात्र मी माझे म्हणणे सोडत नाही. तसेच हँडल ऑनलाइन २८० रुपयांना मिळते आणि आम्ही ६०० लावले, असे आपण लिहिले आहे. फोटोत सारखी दिसणारी दोन हँडले आतून सारखी असतातच असे नाही. त्यांचे वजन, दांडीची लांबी आणि वरच्या थराची जाडी फोटोत कळत नाही. आम्ही दिलेले हँडल जस्ताच्या मिश्रधातूचे, पावडर कोटिंगचे आहे. चार हँडलांचे २,४०० रुपये आणि येणे-जाणे धरून मजुरीचे १,००० रुपये, हा हिशोब काम घेण्यापूर्वीच सांगितला होता. एवढे मात्र खरे, की समुद्राच्या इतक्या जवळ आपल्याला स्टेनलेस स्टीलचा पर्यायही दाखवायला हवा होता. त्यातही ३०४ जातीच्या स्टीलवर खाऱ्या हवेत तपकिरी डाग येतात. २ ते ३ टक्के मॉलिब्डेनम हा धातू असलेले ३१६ जातीचे स्टील अधिक टिकते, आणि अर्थातच महाग पडते.

ज्यांना हे काम घरीच करायचे असेल त्यांनी ते खुशाल करावे, माझा धंदा त्यामुळे बुडणार नाही. झडप सरळ असेल तर हँडल अर्धे वळवायचे, त्याच्या बुडाची झाकणपट्टी फिरवायची, आतले दोन स्क्रू काढायचे आणि हँडल सरळ ओढायचे. पंधरा मिनिटांचे काम आहे. फक्त नवे मागवण्यापूर्वी दोन मापे घ्यावीत: स्क्रूंच्या मध्यांतील अंतर, जे यूपीव्हीसीच्या बहुतेक हँडलांत ४३ मि.मी. असते, आणि बुडापासून बाहेर आलेल्या दांडीची लांबी. दांडी तोकडी पडली तर ती गिअरच्या नुसत्या तोंडाशी अडकते आणि लवकर फिरून जाते. लांब झाली तर हँडल खिडकीला टेकत नाही.

आपण हँडलच्या बुडात खोबरेल तेल सोडल्याचे लिहिले आहे. ते कृपया पुन्हा सोडू नये. ते काही दिवसांनी चिकट होते आणि रस्त्याची धूळ धरून ठेवते. गिअरला शिवणयंत्राच्या तेलाचे दोन थेंब पुरतात. स्टेच्या सरकत्या भागाला तर तेल लावूच नये, कारण झडप वाऱ्यात जागच्या जागी थांबते ती तिथल्या घर्षणामुळे.

फोनविषयी फार लिहिण्यासारखे नाही. त्या आठवड्यात दोन्ही कारागीर भातलावणीला कोकणात गेले होते, मी एकटा कामांवर फिरत होतो आणि फोन गल्ल्यात वाजत होता. आता तो माझ्या खिशात असतो.

पुढची व्यवस्था अशी सुचवतो. बेडरूमच्या दोन खिडक्यांची मजुरी, म्हणजे ५०० रुपये, आपल्याला परत मिळतील, मग पुढचे काम आपण आमच्याकडून करून घ्या अथवा दुसऱ्या कोणाकडून. आमच्याकडून करायचे ठरवल्यास मी स्वतः कारागिरासोबत येईन, काचेची पॅकिंग आणि स्टे आपल्यासमोर उघडून दाखवीन, आणि झडप सरळ बसल्यावर दोन्ही हँडले विनामूल्य बदलून देईन. स्टे नवे लागले तर त्यांची खरेदीची किंमत तेवढी आपल्याला द्यावी लागेल. ती मी सोडणार नाही, कारण हा खर्च आम्ही येण्याआधीपासूनच त्या खिडक्यांवर उभा होता. पावसाची उघडीप असेल असा दिवस आपण कळवावा, कारण झडप उतरवल्यावर तासभर खिडकी उघडी राहते.

राहिली जुनी हँडले. त्यांवर हक्क आपला होता आणि ती विचारल्याशिवाय उचलायला नको होती. तीन हँडले पिशवीत घालून गल्ल्याजवळ ठेवली आहेत, येताना घेऊन येईन. चौथे, हॉलच्या खिडकीचे, भंगारात गेले. ते आता परत मिळणार नाही, त्याबद्दल दिलगीर आहे.

आपला,
दुकानाचा मालक