वर्डमधला लेख लाटेकमध्ये नेताना

इंदूरच्या एखाद्या मराठी मंडळाची स्मरणिका लाटेकमध्ये, म्हणजे मजकुरात लिहिलेल्या आज्ञांवरून पानं जुळवणाऱ्या प्रणालीत, जुळवायची म्हटली की ‘एका ओळीची तर कमांड आहे’ असं सांगणारा कुणीतरी भेटतोच. कमांड खरंच एका ओळीची आहे. पॅनडॉक या फाइलचा प्रकार बदलून देणाऱ्या प्रोग्रॅमला वर्डची फाइल दाखवायची, चित्रं वेगळ्या फोल्डरमध्ये काढ म्हणायचं, की लाटेकची टेक फाइल हजर. वर्डची फाइल डॉकएक्स या नव्या प्रकारातली हवी. जुनी डॉक असेल तर आधी लिबरऑफिसमधून डॉकएक्स करून घ्यावी.

पण आमच्या लेखकांची सगळी भिस्त स्पेसबारवर. मथळा मध्यावर आणायला ते वीस-बावीस स्पेस मारतात. टेकच्या, म्हणजे लाटेकच्या पोटातल्या इंजिनाच्या, हिशेबी ओळीच्या सुरुवातीच्या त्या सगळ्या मिळून शून्य. नवं पान हवं म्हणून ठोकलेले एंटर तर पॅनडॉक रिकामे परिच्छेद समजून वाटेतच गाळतो. आणि अक्षर मोठं-ठळक केलं म्हणजे शीर्षक झालं, ही श्रद्धा! पॅनडॉक फक्त ठळकपणा उचलतो, आकार सोडून देतो, आणि अनुक्रमणिका कोरी निघते. हेडिंगची स्टाइल लावली असती तर सगळं आपोआप झालं असतं. हे काकांना फोनवर समजावून पाहा. ‘अहो, दिसतंय की शीर्षक!’ दिसतंय, काका. तळटीपा तेवढ्या बिनबोभाट येतात.

खरी मजा कृतिदेवची. आमच्याकडचे जुने टायपिस्ट याच फाँटवर हिंदी टायपिंग शिकलेले, मराठी लेखही त्यातच करून देतात. पडद्यावर ‘भारत’ दिसतं, फाइलच्या पोटात मात्र एच, के, के, जे, आर अशी इंग्रजी अक्षरं. फाँट सुटला की हीच बाराखडी हाती येते. म्हणून पॅनडॉकच्या आधी युनिकोड, म्हणजे देवनागरी अक्षरांना स्वतःचे संकेत देणारी पद्धत, करून घ्यावं. त्यात अक्षराला अक्षर बदलून भागत नाही: कृतिदेवमध्ये पहिली वेलांटी व्यंजनाच्या आधी टाइप होते, रफार नंतर, युनिकोडमध्ये दोन्ही उलट. शिवाय हिंदीच्या सवयीने विंध्याच्या दऱ्यांचा ‘दर्या’ झालेला असतो. तिथे नुक्त्याचा ऱ, हलन्त आणि य हातानेच घालावे लागतात. ‘सगळे बदला’ दाबू नका, भिया, नाहीतर ‘सूर्य’ही सुटायचा नाही.

आता झीलाटेक, म्हणजे टेक फाइलची पीडीएफ करणारा, युनिकोड कळणारा लाटेकचा प्रकार, चालवा. देवनागरी फाँट सांगितला नसेल तर पीडीएफ तयार होते, कुठे थांबत नाही, आणि मराठीच्या जागी कोरा कागद! तक्रार असते, ती लॉग फाइलमध्ये ‘मिसिंग कॅरेक्टर’ म्हणून. फाँट सांगताना लिपी देवनागरी आणि भाषा मराठी असं दोन्ही लिहावं. फाँटमध्ये सोय असेल तर ल आणि श मराठी वळणाचे येतात; नाहीतर हिंदी.

संपादकांनी वर्डमध्ये केलेल्या दुरुस्त्या पॅनडॉक मुकाट मान्य करतो आणि समासातले शेरे गाळतो. ‘हे काय लिहिलंय?’ वगैरे छापून येत नाही. शेरे ठेवायचाही एक पर्याय आहे. स्मरणिकेसाठी तो चालू करू नये.