डोळे दोन दिलेत देवाने, एवढी काळजी कशाला?

परवा ऑफिसमधल्या एकाने विचारलं, अरे तू कॉन्टॅक्ट लेन्स वापरतोस ना, मग स्वस्तात कुठून घेऊ, आणि मला एकदम जाणवलं की या विषयात आपला हात धरणारा कोणी नाही. सात वर्षं लेन्स वापरतोय आणि सात वर्षांत पैसे वाचवण्याची एकही संधी सोडलेली नाही (नेमके किती वाचले ते विचारू नका, तो हिशोब सध्या बायको करतेय आणि तिचा आकडा जरा वेगळा येतोय). तर ज्ञान दिल्याने वाढतं म्हणतात, घ्या.

सगळ्यात आधी म्हणजे डोळ्यांच्या डॉक्टरकडे जायचंच नाही. ते लोक हनुवटी त्या मशीनवर टेकवायला लावतात, डोळ्यात प्रकाशाची बारीक फट मारून दहा मिनिटं काहीतरी बघत बसतात, बुबुळाचा (म्हणजे डोळ्याच्या पुढच्या पारदर्शक पडद्याचा, कॉर्नियाचा) गोलवा मोजतात, मग ट्रायल लेन्स घालून पंधरा-वीस मिनिटं बाकावर बसवतात आणि परत बोलावून सांगतात वर बघा, खाली बघा, पापणी मिटा, लेन्स किती हलतेय ते बघू. आणि एवढ्याचे पैसे घेतात हो! चष्म्याचा नंबर आहे की घरी, २०१९चा, कपाटात त्या वॉरंटी कार्डांच्या फाइलमध्ये. तोच ऑर्डर करताना टाकून द्यायचा.

दुकानातले काका मला अडवायला लागले. म्हणे चष्म्याची काच डोळ्यापासून साधारण बारा मिलिमीटर लांब असते आणि लेन्स थेट बुबुळावर बसते, त्यामुळे नंबर चारच्या वर असेल तर दोन्हींचा नंबर सारखा नसतो, चष्मा मायनस सहाचा असेल तर लेन्स साधारण साडेपाचची लागते. मी म्हटलं काका, दोन्हींची किंमत सारखीच ना, मग अर्धा नंबर जास्त मिळतोय तो कशाला सोडू? काकांना यावर काही बोलता आलं नाही. संध्याकाळी डोकं धरतं थोडं, पण डोक्याची गोळी दोन रुपयाला मिळते.

चष्म्याच्या कागदावर सिलिंडरचा नंबरही असेल, म्हणजे बुबुळाचा गोलवा सगळीकडे सारखा नसेल, तर त्यासाठीची टोरिक लेन्स घ्या असं सांगतात, ती महाग असते. सिलिंडर फक्त गॅसचा भरावा.

मग डब्यावर बीसी ८.६, डाया १४.२ असले आकडे असतात. ही लेन्सची मापं, पहिलं गोलव्याचं आणि दुसरं रुंदीचं, आणि प्रत्येकाच्या डोळ्याला वेगळं बसतं म्हणे. आता बघा, लहानपणी आपण सगळ्यांनी मोठ्या भावाचे बूट पुढे कापूस कोंबून घातलेत, काय बिघडलं? सेलमध्ये ८.४चा डबा स्वस्त होता म्हणून मी तो घेतला. जरा घट्ट बसते, पापणी मारली तरी जागची हलत नाही, त्यामुळे तिच्याखालचं पाणी खेळतं राहत नाही वगैरे, पण पडायची भीती गेली ना! रात्री काढली की डोळ्याच्या पांढऱ्या भागावर गोल वळ दिसतो, घट्ट मोज्याचं इलॅस्टिक पोटरीवर उमटतं ना, अगदी तसाच. अर्ध्या तासात जातो.

रंगीत लेन्सचा विषय तर फारच सोपा. लग्नसराईत आमच्याकडे एकच ग्रे जोडी चार जणींना पुरली, हळदीला एक, सीमांतपूजनाला दुसरी, मुहूर्ताला खुद्द नवरी आणि रिसेप्शनला करवली, मध्ये मध्ये बिसलेरीच्या पाण्यात बुडवून. झिरो पॉवरची आहे, मग तिला कसली तपासणी? टिकली एकमेकींची लावतातच की. फोटो झकास आलेत, फक्त रिसेप्शनच्या फोटोंत करवली सगळीकडे डावीकडेच बघतेय.

आता खरी बचत कुठे आहे सांगतो, सोल्युशनमध्ये, म्हणजे लेन्स काढल्यावर डबीत ज्या पाण्यात बुडवून ठेवतात त्यात. कंपन्या सांगतात रोज डबीतलं जुनं सोल्युशन ओतून द्या, डबी नव्या सोल्युशनने धुवा, पालथी घालून कोरडी करा आणि रात्री पुन्हा ताजं भरा. म्हणजे रोज नवीन! आमच्या आईने ऐकलं असतं तर तिला चक्कर आली असती. आपण काय करायचं, कालच्यातच चार थेंब नवे घालायचे, विरजण लावतो तसं. आणि खरंच विरजण लागतं हो, महिन्याभरात डबीच्या तळाला बोट फिरवलं की बुळबुळीत लागतं. डबी दर तीन महिन्यांनी बदला म्हणतात, माझी लग्नाआधीची आहे, आर आणि एल ही अक्षरं पुसली गेलीत पण आता सवयीने कळतं. बाटली उघडल्यावर तीन महिन्यांत संपवा असंही बारीक अक्षरात लिहिलेलं असतं, पण ती अक्षरं वाचायला आधी लेन्स घालावी लागते आणि लेन्स तर बाटलीतल्या सोल्युशनात असते, मग काय करणार.

सोल्युशन संपलंच तर नळ आहे. आमच्या बिल्डिंगला गच्चीवर काळी टाकी आहे, ती शेवटची कधी धुतली यावर सोसायटीच्या मीटिंगमध्ये एकमत झालेलं नाही. नळाच्या पाण्यात अकँथअमीबा नावाचा एक प्राणी असतो, तो कवच घालून बसला की क्लोरीनलाही सहज दाद देत नाही, लेन्सवर चढून बुबुळात शिरतो आणि आतून पोखरत बसतो. म्हणून लेन्स घालून अंघोळ नको, पोहायला नको असं ते सांगतात. आणि नळही नसेल, बाइकवर असाल आणि धूळ गेली, तर काढा, जिभेवर ठेवा, परत घाला. तोंडात जंतू असतात म्हणे. असतील, पण आपलेच आहेत ना, बाहेरचे थोडीच आहेत.

यावर कोणी शहाणपणा शिकवला तर त्याला ओटो विख्तर्लेचं नाव सांगा. हा मऊ लेन्सचा जनक, झेकोस्लोव्हाकियातला रसायनशास्त्रज्ञ, १९६१च्या नाताळात प्रागमध्ये घरी बसून त्याने मुलांच्या खेळण्यातल्या मेकॅनोसारख्या संचाचं मशीन जोडलं, त्याला सायकलचा डायनॅमो लावला आणि साच्यात द्रव गरागरा फिरवून जगातल्या पहिल्या धड मऊ लेन्स काढल्या, चारच. म्हणजे लेन्सचा जन्मच जुगाडातून झालेला आहे! त्या माणसाने डायनॅमोवर लेन्स काढली आणि आपण साधं मिठाचं पाणी घरी करू शकत नाही? अमेरिकेत १९८०च्या दशकात लोक करायचेच की, मिठाच्या गोळ्या डिस्टिल्ड वॉटरमध्ये विरघळवून घरच्या घरी सलाइन. त्यातूनच तो मघाशी सांगितलेला प्राणी बऱ्याच जणांच्या डोळ्यात गेला आणि डॉक्टर लोकांनी एवढी चांगली बचत योजना बंद पाडली.

दिवस मोजण्यातही लोक फार गडबड करतात. मन्थली लेन्स म्हणजे त्या लेन्सचं सील फोडल्यापासून महिना, मधे घाला नाहीतर नका घालू, असं कंपनी म्हणते. मी फक्त घातलेले दिवस धरतो, रविवार सोडतो, आणि वर एक अधिक महिना. डेली लेन्स तर ज्यांनी एक दिवस वापरून फेकली त्यांचं मला आश्चर्य वाटतं, पातळ असते कबूल, आठवड्यात कडेला चिरते तेही कबूल, पण चीर पापणीच्या बाजूला आली तर फारसं टोचत नाही.

आणि रात्री काढायची कशाला? काढणं-घालणं यातच लेन्स फाटते. बुबुळाला रक्तवाहिन्या नसतात, ते ऑक्सिजन थेट हवेतून घेतं, त्यामुळे वर लेन्स आणि त्यावर बंद पापणी म्हणजे गोधडीवर गोधडी. अमेरिकेची सरकारी आरोग्य संस्था सीडीसी म्हणते झोपताना लेन्स ठेवली तर इन्फेक्शनचा धोका सहा ते आठ पट होतो. पुणे-नागपूर स्लीपर बसने गेलात तर अनुभव घ्या. मी घेतला. वर्ध्याच्या आसपास जाग आली तेव्हा डावा डोळा उघडेना, बोटाने उघडला तर समोरच्या सीटच्या दिव्याभोवती इंद्रधनुष्य. फुकट.

नागपूरला उतरून पुन्हा डॉक्टर टाळला. मेडिकलवाल्या दादांनी काउंटरवरूनच डोळा बघितला आणि छोटी बाटली दिली, स्वस्तातली. दुपारपर्यंत लाली गायब! त्या ड्रॉपमध्ये स्टेरॉइड होतं हे नंतर कळलं, ते काय करतं तर शरीराची आरडाओरड बंद करतं आणि जंतूंना शांतपणे काम करू देतं. दोन दिवसांनी बुबुळावर पांढरा ठिपका आला, साबुदाण्याएवढा. मग मात्र दवाखान्यात नेलं, त्यांनी डोळा बधिर करून बारीक पात्याने तो ठिपका खरवडला, स्लाइडवर घेतला, आणि लेन्सची डबी मागितली. ती सुद्धा तपासायला पाठवली. रिपोर्टमध्ये डबीचा आणि डोळ्याचा जंतू एकच निघाला, स्यूडोमोनास. दोन्हींचं जुळलं बघा, पत्रिका न बघता.

मग ड्रॉप दर तासाला, रात्रीसुद्धा, पहिले दोन दिवस. गजर मी लावायचो, उठायची बायको. डॉक्टर म्हणाले भोक पडलं असतं तर बुबुळ बदलावं लागलं असतं. मी विचारलं केवढ्याला मिळतं. ते म्हणाले बुबुळ विकत मिळत नाही, कोणीतरी गेल्यावर त्याच्या घरचे देतात. म्हणजे फुकटच की, असं मी म्हणणार होतो, पण बायको शेजारी उभी होती.

आता उधळपट्टी कशी असते तेही बघा. माझी आतेबहीण, फक्त शनिवार-रविवार लेन्स घालते. तिने आधी तपासणीचे पैसे भरले, बीसी, डाया, पॉवर सगळं कागदावर लिहून घेतलं, मग तो कागद घेऊन चार ठिकाणी दर विचारले आणि सगळ्यात स्वस्त पडला तिथून डेलीचा तीस लेन्सचा डबा घेतला, तोही सील आणि एक्सपायरी बघून. तीस लेन्स म्हणजे पंधरा दिवस, शनिवार-रविवार धरले तर जवळजवळ दोन महिने चालतो, आणि सोल्युशन नाही, डबी नाही. मन्थली तिला महागच पडली असती, महिन्यात आठ वेळा घालून टाकून द्यायची. घालायच्या आधी साबणाने हात धुऊन पुसते, मिरच्या चिरल्या असतील तर दोनदा धुते. डोळा जरा लाल वाटला की लेन्स काढून सरळ चष्मा लावते, कारण चष्मा ताज्या नंबरचा करून ठेवलाय. काय हे! मी तिला म्हटलं तुला व्यवहार कळत नाही. तिने वर्षाचा खर्च कागदावर मांडून दाखवला. मी तो कागद पाहिला नाही, डावा डोळा तेव्हा बंदच होता.

असो. माझ्याकडे वर्षाच्या पॅकमधल्या चार जोड्या उरल्यात, पॉवर मायनस सहा, बीसी ८.४. डॉक्टरांनी मला सध्या लेन्स बंद सांगितलीय. तीन जोड्या सीलबंद आहेत, चौथी एकदाच घातलीय, बसमध्ये. कोणाला हवी असेल तर निम्म्या किमतीत देतो, नंबर जुळत नसला तरी चालेल, सवय होते. डबी वर फ्री देणार होतो, पण ती अजून लॅबमधून परत आलेली नाही.