गॅस वर चढतो

परवा रविवारी सकाळी साडेनऊला पोटाभोवती वेल्क्रोचा पट्टा आवळून मी हॉलमध्ये आरशासमोर उभा होतो आणि दार उघडं राहिलं होतं. चूक एवढीच.

पुण्याच्या मित्राने त्याची दोन जुनी बीसीडी कुरियरने पाठवली होती. बीसीडी म्हणजे स्कूबाचं हवा भरायचं जॅकेट. एक ठेव, एक परत कर, म्हणाला. स्वतःचं घ्यायचं खूळ शिरलं मालवणकडे. तिथे भाड्याने मिळालेलं जॅकेट हवा भरताच उठून कानापर्यंत आलं आणि मी अर्धा तास कासवासारखी मान आत ओढून मासे बघितले. वर शिकवणारा पोरगा म्हणतो, "सर, तुम्ही नॅचरली तरंगता." बाकीच्यांच्या कमरेला ४ किलो शिसं, माझ्या ८. चरबी तरंगते हे शास्त्र झालं, मान्य. पण ते मेव्हण्यासमोर सांगायचं?

असो. वरच्या मजल्यावरचे काका पोह्यांची प्लेट हातात घेऊनच आत आले. वीज मंडळातून निवृत्त झालेत, तेव्हापासून फॉल्ट शोधायला बिल्डिंगच उरली आहे.

"हे काय, कमरेचा पट्टा?"

"नाही काका, समुद्रात घालायचं."

"इंदुरात?"

त्यावर उत्तर नसतं.

"हे तरंगवतं की बुडवतं?"

"दोन्ही. हवा भरली की वर, सोडली की खाली. मधोमध राहता आलं पाहिजे."

"मधोमध राहायला जॅकेट कशाला? आमची अख्खी नोकरी त्यात गेली." मग शेव चघळत, "उचलतं किती?"

"१५ किलो."

"आणि तू?"

"९४."

काकांनी प्लेट खाली ठेवली. "सूनबाईला माहितीये का हे?"

मी समजावलं, की पाण्यात माणसाचं वजन जवळपास उरतच नाही, जॅकेटला फक्त शिसं आणि सामानाचा भार पेलायचा असतो. काका मान हलवत राहिले, बिल जास्त आलंय म्हणणाऱ्या ग्राहकापुढे हलवत असतील तशी. तेव्हाच गप्प बसायला हवं होतं. पण मी पुढे सांगायला गेलो, की १० मीटर खाली हवा दाबाने निम्मी होते आणि वर येताना तीच फुगत जाते, वेळेवर सोडली नाही तर माणूस सुसाट वर जातो.

काकांचा चेहरा उजळला. "म्हणजे गॅस वर चढतो! सरळ सांग ना. तुझ्या काकूला तीस वर्षं हेच आहे. ओवा घे."

तेवढ्यात ओवा न बोलावता आला, म्हणजे काकू आल्या, काकांना शोधत. पाठोपाठ शेजारचा नातू. मी तोंडाने फुंकून जॅकेट टम्म फुगवलेलं. हे पहिलं जॅकेट चहूबाजूंनी फुगतं, फासळ्या आवळल्या जातात, बोलताना दम लागतो. दुसरं फक्त पाठीमागे फुगतं, पोटाला मोकळीक. पण पाण्यावर आलं की तोंड पुढे ढकलतं म्हणतात. मी हे सगळं धापा टाकत सांगत असताना काका म्हणाले, "ही दोरी कसली?" आणि उजव्या खांद्यावरची दोरी ओढली.

फर्र्र्र्र.

लांबलचक, शेवटी थोडा चढा. काकूंनी पदर नाकाला लावला. वास नव्हता हो! हवा सोडायचा व्हॉल्व्ह आहे तो! पण असल्या वेळी खुलासा करणारा माणूस अधिकच दोषी दिसतो. नातू फरशीवर लोळत होता. काका शांतपणे म्हणाले, "बरं वाटलं ना?"

मला अजून राग येतो. विचारल्याशिवाय दुसऱ्याची दोरी ओढू नये, एवढं साधं कळत नाही लोकांना. आणि घरातही सहानुभूती शून्य. वापरलं की जॅकेट गोड्या पाण्याने आतूनही विसळावं लागतं, नाहीतर मीठ साचतं, हे ऐकून बायको म्हणाली, "नर्मदेचं पाणी ७० किलोमीटरवरून डोंगर चढून येतं, तेही दिवसाआड, आणि तू ते फुग्याच्या पोटात ओतणार?" गाडी धुणाऱ्या खालच्यांना हे कोणी विचारत नाही.

मित्राचा फोन आला, कुठलं ठेवलंस? अजून ठरत नाही. दोन्ही बाल्कनीत टांगली आहेत. काल बेल वाजली, दारात तो नातू, मागे बिल्डिंगमधली पाच पोरं.

"अंकल, ते पादणारं जॅकेट दाखवा ना."

मी पाठीमागे फुगणारं दाखवलं. त्याचा आवाज बारीक आहे.

"हे नाही," नातू म्हणाला, "काकांचं."