घर मुदतीआधी खाली करून घ्यायचंय? मग तो फिरणारा मेसेज आधी डिलीट करा

सोसायट्यांच्या ग्रुपवर सध्या "घरमालकांनो जागे व्हा" असा एक मेसेज फिरतोय. त्यात म्हणे लिव्ह अँड लायसन्सवर (म्हणजे ठरावीक मुदतीसाठी नुसत्या वापराच्या परवान्यावर) दिलेलं घर मालक कधीही २४ तासांत खाली करून घेऊ शकतो, भाडेकरू ऐकत नसेल तर लाईट-पाणी तोडा नाहीतर कुलूप बदला, ११ महिन्यांचं अॅग्रीमेंट रजिस्टर करायची गरज नाही आणि डिपॉझिट सावकाश दिलं तरी चालतं. महाराष्ट्रापुरतं बोलायचं तर यातलं एकही वाक्य धड नाही.

आधी २४ तासांचं बघू. अॅग्रीमेंटमध्ये एक महिन्याची नोटीस लिहिली असेल तर एक महिना, लॉक-इन (म्हणजे मधे अॅग्रीमेंट मोडायचं नाही असा ठरलेला काळ) दोघांना लागू असेल तर तोपर्यंत गप्प बसायचं, तुम्हीच सही केलीय ना. भाडेकरूला जागेत मालकीसारखा हक्क मिळत नाही हे खरंय, पण लायसन्सचे नियम ज्यात आहेत त्या १८८२ च्या ईझमेंट्स अॅक्टमध्येच लिहिलंय की लायसन्स रद्द केलं तरी निघायला वाजवी वेळ द्यायचा (कलम ६३), आणि पैसे घेऊन दिलेली जागा त्याची काही चूक नसताना मध्येच काढून घेतली तर तो भरपाई मागू शकतो (कलम ६४). लोक ज्याच्या जोरावर उड्या मारतात ते भाडे नियंत्रण कायदा १९९९ चं कलम २४, सक्षम प्राधिकाऱ्याकडे (अशी प्रकरणं ऐकणाऱ्या सरकारी अधिकाऱ्याकडे) अर्ज आणि दुप्पट भाडं वगैरे, ते मुदत संपूनही न निघणाऱ्यासाठी आहे. तुमची मुदत अजून वर्षभर बाकी असेल तर तो धाक दाखवून उपयोग काय?

कुलूप बदलण्याबद्दल तर सुप्रीम कोर्टाने १९८९ मध्येच सांगून ठेवलंय की ताब्यात असलेल्या माणसाला, त्याचा हक्क नाही असं धरलं तरी, कायद्याच्या वाटेनेच काढायचं. लाईट-पाणी तोडणं हा त्याच धमकीचा दुसरा प्रकार, आणि केस झालीच तर पहिल्याच तारखेला तुमचंच तोंड बंद.

११ महिन्यांची समजूत जुनी आहे, रजिस्ट्रेशन अॅक्टमधल्या, एक वर्षापेक्षा कमी मुदतीला रजिस्ट्रेशनची सक्ती नाही, या अटीवरून आलेली. महाराष्ट्रात भाडे नियंत्रण कायद्याच्या कलम ५५ प्रमाणे मुदत कितीही असो, लेखी आणि रजिस्टर हवंच, आणि ती जबाबदारी मालकाची. नसेल तर अटींबद्दल भाडेकरू जे म्हणेल ते धरलं जातं, उलटं सिद्ध करायचं तुम्ही. तीन महिन्यांपर्यंत कैद किंवा पाच हजारांपर्यंत दंड, किंवा दोन्ही, हे वेगळंच. दोन-अडीच हजारांच्या खर्चासाठी लोक हे अंगावर घेतात, कमाल आहे.

आता डिपॉझिट, खरी गोम इथेच आहे. भाडेकरू हटून बसतो तो बऱ्याचदा हट्टाने नाही, तर नव्या घरासाठी लागणारं डिपॉझिट तुमच्याकडे अडकलेलं असतं म्हणून. समजा भाडं २५ हजार, डिपॉझिट ७५ हजार, तुमचा मुलगा परत येतोय म्हणून तुम्हाला ऑक्टोबरमध्येच घर हवंय. मग निम्मं डिपॉझिट त्याने नवं घर पक्कं केलं की लगेच द्या, निम्मं चावी हातात आल्यावर त्याच दिवशी, शेवटच्या महिन्याचं भाडं सोडा, टेम्पो नाहीतर नवी ब्रोकरेज यातलं काहीतरी उचला. त्याच्या पोरांची शाळा असेल तर एप्रिलपर्यंत थांबता येतं का तेही विचारा, कारण वर्षाच्या मधे शाळा बदलायला कुणीच तयार होत नाही. रंगाचे पैसे कापायचे असतील तर अॅग्रीमेंटमध्ये ती अट आहे का ते बघा, भिंतीला चार खिळे मारले म्हणून १५ हजार कापणारे महाभाग असतात.

आणि ठरलं की नुसत्या "ओके"वर राहू नका. निघायची तारीख, किती पैसे कधी, मीटरचं शेवटचं रीडिंग, गॅस आणि मेंटेनन्स कुणाकडे, हे सगळं कागदावर घ्या, दोघांच्या सह्या करा आणि चावी घेताना रिकाम्या खोल्यांचे फोटो दोघांच्या मोबाईलमध्ये असू द्या.